बीडीएसला जायचंय? आधी जीवशास्त्र

दंतवैद्यकाला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात जायचं तरी नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षाच द्यावी लागते. 2025 च्या पेपरात 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण होते, त्यातले 360 एकट्या जीवशास्त्राचे. म्हणून सुरुवात तिथूनच करा आणि ते 90 प्रश्न पन्नासेक मिनिटांत उरकायची सवय लावा. वाचलेला वेळ फिजिक्सची गणितं खातातच. बालभारतीवर बारावी निघते, नीटसाठी मात्र एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचा, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा. (क्लासच्या जाडजूड नोट्स त्यानंतर.) चुकीला एक गुण कापतात, तरी चारपैकी दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उत्तर द्यावं. सराव पेपर परीक्षेच्याच म्हणजे दुपारी दोन ते पाच या वेळेत सोडवा. जेवणानंतरची पेंग घरीच मोडलेली बरी.