सुरमईसाठी जिवंत आमिषाला स्टिंगर लावताना या चुका टाळा

सुरमई आमिष सहसा सरळ गिळत नाही. तिच्या दोन्ही जबड्यांतील चपटे, त्रिकोणी दात कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर बसतात आणि पहिल्या झडपेत ती पळणाऱ्या माशाचा शेपटीकडचा भाग कापून त्याला पंगू करते. गळ फक्त तोंडाशी असेल, तर मागचा अर्धा मासा जातो आणि हातात नुसते डोके परत येते. पुढच्या गळापासून तारेने मागे नेलेला दुसरा लहान गळ, म्हणजे स्टिंगर, ही याच सवयीवर काढलेली तोड आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंत आणि मेक्सिकोच्या आखातात किंग मॅकरेल धरण्यासाठी ही मांडणी चांगलीच रुळलेली आहे. किंग मॅकरेल आणि आपली सुरमई या स्कॉम्बेरोमोरस या एकाच वंशातील दोन जाती असून त्यांची मारा करण्याची रीतही सारखीच आहे. त्यामुळे तिकडे मेनहेडन किंवा ब्लू रनर वापरून जे साधते, ते कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर बांगडा, तारली किंवा शेवटे वापरून साधता येते. ओमान आणि अमिरातीत ज्या माशाला कनअद म्हणतात, तो तर आपली सुरमईच. मस्कतला राहून हौसेने गरवणाऱ्या मराठी माणसालाही हे सगळे जसेच्या तसे लागू पडते.

स्टिंगरविषयीच्या बहुतेक तक्रारी गळाच्या आकारापाशी किंवा तारेच्या ब्रँडपाशी येऊन थांबतात. माझ्या मते खरे कारण बहुधा वेगळे असते: मागचा गळ लावताना आमिषाचे पोहणे बिघडते, आणि जो मासा नीट पोहत नाही, त्याच्याकडे सुरमई फिरकतच नाही. मासा झडप घालायलाच आला नाही, तर स्टिंगर कितीही धारदार असून उपयोग नाही.

तारेची लांबी अंदाजाने ठरवणे

घरी बसून एकाच मापाचे डझनभर संच बांधून ठेवायचे आणि समुद्रात जे आमिष मिळेल त्याला ते लावायचे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. तार आखूड पडली की आमिष धनुष्यासारखे वाकते, सरळ पोहण्याऐवजी स्वतःभोवती गिरक्या घेते आणि थोड्याच वेळात लाइनला पीळ पडतो. तार फार लांब ठेवली, तर तिचा सैल फास शेपटीत किंवा परांत अडकतो आणि मासा आडवा ओढला जातो. आमिष ओल्या हातात धरून तार त्याच्या अंगाला लावून पाहावी: नाकपुडीपासून स्टिंगर जिथे यायला हवा तिथपर्यंतचे अंतर आणि त्यावर बोटभर सैलपणा, एवढे माप पुरते. वीतभर बांगड्याला हे अंतर साधारण १२ ते १५ सेंटीमीटर भरते, तारलीला त्याहून बरेच कमी. म्हणून दोन-तीन मापांचे संच बांधून त्यांवर खुणा करून ठेवाव्यात. चार बोटे लांबीच्या आमिषाला स्टिंगरची गरजच नसते, कारण तेवढा मासा सुरमई एका घासात घेते. याउलट वाकटीसारखा लांब मासा मेलेला वापरायचा असेल, तर एक स्टिंगर अपुरा पडतो आणि अंगभर तीन-चार गळांची माळ करावी लागते.

पुढच्या गळाने तोंड शिवून टाकणे

बांगडा तोंड उघडे ठेवून सतत पोहतो आणि त्या ओघाने कल्ल्यांवरून पाणी जाऊ देतो; पाणी थांबले की त्याचा श्वास थांबतो. असे असताना खालचा आणि वरचा ओठ एकत्र टोचून तोंड बंद केले, तर तो थोड्याच वेळात गुदमरतो, आणि बघणाऱ्याला वाटते की आमिषच कमकुवत होते. पुढचा गळ दोन्ही नाकपुड्यांतून आडवा किंवा फक्त वरच्या ओठातून मधोमध काढावा. तो एका बाजूला सरकला, तरी ओढताना मासा गरगर फिरतो. आमिष कोरड्या हाताने घट्ट दाबून धरल्यास खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर जातो. तारली तर एवढ्यानेही दगावते. टाकीत पाणी वाहते हवे आणि शक्यतो टाकी गोल हवी, कारण कोपरे असलेल्या टाकीत मासे कोपऱ्यात कोंबले जाऊन नाक घासून घेतात.

स्टिंगरची तिन्ही टोके मांसात रुतवणे

मागच्या बाजूला साधारणपणे ४ किंवा ६ क्रमांकाचा, जाड तारेचा ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ, वापरतात. इथे क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. ट्रेबलचे एकच टोक पाठीच्या परामागे, कातडीच्या जेमतेम खालून काढायचे असते आणि उरलेली दोन टोके मोकळी ठेवायची असतात. गळ निसटू नये या काळजीने अनेक जण तो खोल दाबतात. मग टोक कण्याला लागून आमिष लुळे पडते आणि जी टोके सुरमईच्या तोंडात शिरायची, ती आमिषातच अडकून राहतात. काही अनुभवी लोक स्टिंगर न टोचता नुसता लोंबता सोडतात. आमिष चपळ असेल आणि होडी अगदी सावकाश चालली असेल, तर हे चालते, पण लाटा उसळत असताना तो गळ शेपटीभोवती गुरफटतो. मला हलकेच टोचलेला गळच जास्त भरवशाचा वाटतो.

गोड्या पाण्यातला सल्ला खाऱ्या पाण्यात वापरणे

उत्तर अमेरिकेच्या तळ्यांत वॉलाय माशासाठीही स्टिंगर लावतात आणि तिथे नायलॉनची किंवा वेणीची दोरी सर्रास वापरली जाते. वॉलायचे दात धरून ठेवणारे असतात, कापणारे नसतात, म्हणून तिथे ते खपते. तसले व्हिडिओ पाहून सुरमईसाठी दोन्ही गळांमध्ये नायलॉन वापरणे म्हणजे पहिल्याच झडपेत स्टिंगर गमावणे होय. इथे एकेरी पोलादी तारच हवी: ४ क्रमांकाची तार सुमारे ४० पौंडांची असते आणि बहुतेक वेळा ती पुरते. प्लॅस्टिकचा लेप असलेली अनेक पदरी तार बांधायला सोपी असते, परंतु ती जाड दिसते आणि एक-दोन माशांनंतर दातांनी चावून तिची लक्तरे होतात.

पिळाऐवजी नुसते वेटोळे देणे

एकेरी तारेला गाठ मारता येत नाही; तिला हेवायर पीळ द्यावा लागतो. त्यात तारेची दोन्ही टोके एकमेकांभोवती सारखीच वळायला हवीत, आणि असे निदान साडेतीन-चार पीळ पडल्यावरच मोकळ्या टोकाचे चार-पाच घट्ट वेटोळे काटकोनात घालायचे असतात. एक तार सरळ ठेवून तिच्यावर दुसरी गुंडाळली, तर दिसायला काम नीटनेटके होते, पण मोठ्या माशाच्या पहिल्या ओढीला ते घसरते. उरलेले टोक पक्कडीने कापू नये, कारण कापलेल्या जागी राहणारे धारदार टोक बोटे फाडते आणि शेवाळ गोळा करते. त्या टोकाला हँडलसारखे वाकवून मागेपुढे हलवावे, म्हणजे तार मुळाशी स्वच्छ तुटते. स्टिंगरची तार पुढच्या गळाच्या डोळ्यातच अडकवावी, त्याच्या वाकात अडकवू नये. तारेला एकदा मुरड पडली की ती सरळ करून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, कारण ती त्याच जागी तुटते. लीडरच्या, म्हणजे गळाकडच्या तारेच्या, वरचे स्विव्हल (तार आणि लाइन जोडणारी फिरती कडी) लहान आणि काळपट असावे. चकाकणाऱ्या पितळी स्विव्हलवर दुसरी सुरमई झडप घालते आणि मूळ लाइनच कापते.

ड्रॅग आवळणे आणि होडी पळवणे

लहान ट्रेबलला घट्ट ड्रॅग, म्हणजे रीलमधून लाइन सुटताना होणारा अडथळा, मानवत नाही. सुरमईची पहिली धाव जोराची आणि लांब असते; त्या वेळी ड्रॅग दीड ते दोन किलोंच्या आसपास असेल, तर गळ टिकतो, अन्यथा तो मांस फाडून निघतो किंवा सरळ होतो. त्यासाठी रीलवर निदान ३०० मीटर लाइन आणि शेंड्याला मऊ असलेला रॉड हवा. झडप बसल्यावर रॉड झटकण्याची गरज नसते, कारण धावणारा मासा बारीक टोके स्वतःच रुतवून घेतो. होडी शक्य तितकी सावकाश, ताशी एक-दोन सागरी मैलांच्या आतबाहेर चालवावी. इंजिन तेवढे हळू चालत नसेल, तर गिअर मधूनमधून न्यूट्रल करावा. आमिष पाण्याबाहेर उडू लागले किंवा पोट वर करून फिरू लागले, तर वेग जास्त झाला, असे खुशाल समजावे.

परत आलेल्या आमिषावरून दोष ओळखणे

आमिष स्टिंगरच्या मागे स्वच्छ कापलेले आले, तर पुढच्या वेळी गळ दोन बोटे मागे न्यावा. मात्र ते डोके लगेच गुंडाळून वर घेऊ नये. होडी थांबवून ते तसेच बुडू द्यावे, कारण उरलेला घास घ्यायला सुरमई पुष्कळदा परत फिरते. अंगावर दातांचे ओरखडे आहेत पण काप नाही, असे दिसले, तर मोकळी टोके आमिषात रुतली आहेत का, ते आधी तपासावे, आणि मग टोकांची धार नखावर घासून पाहावी. तारेचे टोक कुरळे होऊन आले, तर पीळ घसरला. वाकाशी तुटून आले, तर मुरड होती. आणि तारेसकट सगळेच गेले असेल, तर दात स्विव्हलच्या वर लागले. मासा काही क्षण धावून सुटला आणि गळ उघडलेला आढळला, तर ड्रॅग आणि गळाची जाडी या दोन्हींकडे पाहावे लागते. आमिष काही मिनिटांतच मरत असेल, तर कारण हाताळणीत, टाकीत किंवा टोचण्याच्या जागेत शोधावे.

नियमांकडे दुर्लक्ष

जिथे गरवायचे, तिथले नियम आधी वाचावेत, कारण ही मांडणी सगळीकडे आणि सगळ्या माशांसाठी चालत नाही. फ्लोरिडात स्नूक, रेड ड्रम आणि स्पॉटेड सीट्राउट धरण्यासाठी नैसर्गिक आमिषाबरोबर एकाहून अधिक टोकांचा गळ वापरण्यास मनाई आहे. मेक्सिकोच्या आखातातील संघीय हद्दीत स्नॅपर-ग्रूपरसारख्या माशांसाठी नैसर्गिक आमिषाला स्टेनलेस नसलेला सर्कल हुकच (टोक आत वळलेला गळ) लावावा लागतो. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात सुरमईची मासेमारी बंद असते.

मासा होडीत घेताना

सर्वांत जास्त जखमा याच वेळी होतात. सुरमईच्या तोंडात एक गळ असतो आणि दुसरा बाहेर मोकळा झुलत असतो; मासा उसळला की तो गळ तळहातात शिरतो आणि हात माशालाच जोडला जातो. लीडरची तार हाताला गुंडाळून ओढू नये. गॅफ, म्हणजे दांड्याचा मोठा आकडा, मारून मासा थेट खोक्यात घालावा, झाकण लावावे आणि तो शांत झाल्यावर लांब तोंडाच्या पक्कडीने आधी मोकळा गळ धरून मगच दुसऱ्याला हात घालावा. मासा सोडून द्यायचा असेल, तर तो होडीत घेऊच नये. पाण्यातच ठेवून पक्कडीने गळ काढावा, आणि स्टिंगर खोल रुतला असेल, तर तार गळाजवळ कापून मासा जाऊ द्यावा.