१८ जून १९४६, मडगाव : लेगोच्या विटांत क्रांतिदिन

क्रांतीचे मॉडेल करायचे ठरवले की पहिला मोह होतो तो सगळेच दाखवण्याचा. १९४६ ची सभा, त्यानंतरचे सत्याग्रह, १९६१ चे सैन्य, सगळे एकाच पाटावर. त्यातून एकही गोष्ट पाहणाऱ्याला कळत नाही. एकच क्षण निवडा. गोव्यासाठी तो हाताशीच आहे. सभांवरची बंदी झुगारून डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस मडगावच्या सभेत आले. पोर्तुगीज अधिकारी मिरांडा याने पिस्तूल काढले आणि लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. मॉडेलमधले बाकी सगळे या दोन हातांकडे नजर नेण्यासाठी असते.

प्रमाण ठरवायला माणसापासून सुरुवात करा. लेगोचा माणूस साधारण ४ सेंमी उंच, म्हणजे उंचीने जवळपास १:४२. एक स्टड (विटेवरचा गोल उंचवटा आणि त्याची जागा) ८ मिमी, वीट ९.६ मिमी आणि प्लेट ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटींची एक वीट. ४८×४८ स्टडची जागा ३८.४ सेंमीची होते आणि ती शाळेच्या प्रदर्शनातल्या टेबलावर आरामात मावते. तयार बेसप्लेट घेऊ नका. ती पातळ असते, उचलताना वाकते आणि वरचे सुटते. त्याऐवजी १६×१६ च्या नऊ प्लेटी ६ मिमी मरीन प्लायवर दुहेरी टेपने बसवा आणि जिथे दोन प्लेटी भेटतात तिथे वरून दुसरी प्लेट आडवी घाला. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको. जूनच्या दमटपणात त्याच्या कडा फुगतात आणि प्लेटींमध्ये फटी पडतात.

मागे ३२ स्टड लांबीचे एक बैठे दर्शनी घर पुरे. त्याची मागची बाजू उघडीच ठेवा, ती कोणी पाहत नाही. जोते चार स्टड खोल आणि दोन विटा उंच. १:४२ ने ते खऱ्यात सुमारे ८० सेंमी होते, जुन्या घरांना शोभेल असे. दर्शनी बाजूला नक्षीच्या १×२ विटा (लेगोचा भाग क्रमांक ९८२८३) तांबूस-तपकिरी रंगात लावा. एका थराला १६, दोन थरांना ३२. त्यात चार-पाच गडद नारिंगी मिसळल्या की चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, रंग उठतो. इथे एक चूक सर्रास होते: सगळे घरच चिऱ्याचे करतात. शहरातल्या घरांना गिलावा आणि रंग असे, तेव्हा चिरा जोत्यात आणि कुंपणातच दिसू द्या.

भिंत आठ थरांची. तीन दरवाजे (४ स्टड रुंद, ६ विटा उंच) आणि चार खिडक्या (२ रुंद, ३ उंच) वजा केल्या तर १६० स्टडची भिंत उरते. १×४ च्या ३६ आणि १×२ च्या १० विटा घ्या. खालच्या थराचा सांधा वरच्या सांध्याखाली येऊ देऊ नका, नाहीतर भिंत उभी चिरते. स्वस्त, दुसऱ्या कंपनीच्या विटा असतील तर त्या जोत्याच्या पोटात वापरा. त्यांची पकड कमी-जास्त असते आणि दर्शनी भागात ते लगेच कळते.

कौलारू छपराला ४५ अंशांचे उतार फार उभे दिसतात. ३३ अंशांचे ३×२ उतार (३२९८) मंगळुरी कौलांच्या छपराला जवळचे. एका ओळीत १६, दोन ओळींना ३२. पहिली ओळ भिंतीवर अशी बसवा की पागोळ्यांसाठी एक स्टड पुढे राहील. गडबड दुसऱ्या ओळीत होते. ती पहिलीच्या एकाच रांगेवर टेकते आणि मागे कलंडते. म्हणून मागच्या बाजूला भिंतीएवढे पाच खांब उभारा आणि त्यांवर १×८ च्या चार विटांची तुळई टाका. तिची उंची पहिल्या ओळीएवढीच भरते, आणि दुसरी ओळ दोन्हींकडून धरली जाते.

आता मुख्य काम. लेगोच्या माणसाचा हात फक्त वर-खाली फिरतो, बाजूला वळत नाही. दोघांना समोरासमोर उभे केले तर एकमेकांकडे बोट दाखवल्यासारखे दिसते, झटापट दिसत नाही. मिरांडाचा हात आडवा, त्यात पिस्तूल. लोहियांना २×२ टर्नटेबलवर (फिरत्या प्लेटीवर) उभे करून तिरके वळवा, म्हणजे त्यांचा उजवा हात पिस्तुलाच्या हाताला बाहेरून टेकतो. टर्नटेबल एका प्लेटीएवढेच जाड असते, त्यामुळे भोवती टाइल (वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेटी) लावल्या की ते जमिनीत बुडते. लोहियांना पांढरा सदरा आणि चष्मा. चष्मा चेहऱ्यावर छापलेलाच शोधा. या दोघांभोवती ६×६ स्टड मोकळे सोडा आणि ही मोकळी जागा मध्यात न ठेवता एका बाजूला सरकवा.

गर्दीचा हिशेब असा. हातांसकट माणूस तीन स्टड रुंद आणि मागे-पुढे दोन रांगा खातो, म्हणजे सहा स्टड. १६×१६ मध्ये सरळ गणिताने ४२, प्रत्यक्षात ३५ च्या आसपास बसतात. गर्दीखाली टाइल नकोत, पाय धरायला स्टड लागतात. मागच्या रांगेत आखूड पायांची माणसे ठेवा, खोली भासते. सगळ्यांची तोंडे त्या दोघांकडे. पोलिसांना एकसारखा साधा रंग द्या, गणवेशाच्या बारकाव्यात पडू नका.

तो दिवस पावसाळ्यातला, म्हणून काळ्या छत्र्या हव्यातच. ४×४ ची काळी डिश (बशीसारखा गोल भाग) पालथी धरा. तिचा स्टड १×१ उघड्या स्टडच्या गोल प्लेटीत (८५८६१) खालून जातो आणि प्लेटीच्या पोकळ स्टडमध्ये ३.२ मिमीची काठी बसते. छत्री चार स्टड अडवते, त्यामुळे दर तिसऱ्या-चौथ्या माणसालाच द्या, बाकीच्यांच्या हातात मिटलेली छत्री म्हणून नुसती काळी काठी. डबक्यांसाठी तपकिरी प्लेटीवर पारदर्शक टाइल. लोहिया घोडागाडीतून आले, तेव्हा ३३ मिमीच्या आऱ्यांच्या दोन चाकांची गाडी कडेला उभी करायला हरकत नाही.

झेंड्यात घसरायचे नसेल तर तारखा पाहा. अशोकचक्राचा तिरंगा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला, म्हणून या देखाव्यात त्याला जागा नाही. पोर्तुगीज झेंडा दाखवलाच तर काठीकडचा हिरवा भाग दोन पंचमांश आणि लाल तीन पंचमांश: रुंदी २ अधिक ३ स्टड, उंची दोन विटा आणि दोन प्लेटी. मैदानाला लोहियांचे नाव नंतर मिळाले, म्हणून आजची पाटी आणि स्मारक गाळा.

सुटे करताना तपकिरी विटा जपा. काही वर्षांपूर्वीच्या तांबूस-तपकिरी विटा ठिसूळ असतात, नखाने ओढल्या की कोपरा तुटतो. विटा काढायचे प्लॅस्टिकचे साधनच वापरा. बसमधून नेणार असाल तर माणसे आणि छत्र्या उतरवून वेगळ्या डब्यात घ्या आणि त्यांच्या जागांचा वरून एक फोटो काढून ठेवा. घर खोक्यात उभेच ठेवा. आडवे केले की छपराची दुसरी ओळ आधी सुटते.