पार्टचं माप पार्टच्या फाईलमध्ये, स्टीलचं मोल्डच्या

मोल्ड म्हणजे प्लास्टिकचे पार्ट घडवणारा स्टीलचा साचा; त्याच्या डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: पार्टच्या मूळ कॅड मॉडेलमध्ये श्रिंकेज, म्हणजे थंड होताना प्लास्टिक आकसतं त्याची भर, घालू नका. ती फाईल थंड झालेल्या, वापरात येणाऱ्या प्लास्टिकची आहे. तपासणी तिच्यावरून होते, असेंब्लीत शेजारचे पार्ट तिच्याशी जुळवले जातात. स्टील किती कापायचं, हा प्रश्न वेगळा आणि त्याची फाईलही वेगळी.

पार्टची लिंक ठेवलेली कॉपी नव्या फाईलमध्ये घ्यायची, तिला स्केल द्यायचा, म्हणजे श्रिंकेज भरून निघेल एवढी मोठी करायची, आणि मग पार्टिंग सरफेस (मोल्डचे दोन भाग जिथे मिळतात तो पृष्ठभाग), कोअर (आतला आकार देणारा भाग), कॅव्हिटी (बाहेरचा आकार देणारा भाग) करायची. क्रम हाच, कारण पार्टिंग सरफेस वाढलेल्या बॉडीच्या कडांवरून काढायचा असतो. कूलिंग चॅनल, गाइड पिलर, इजेक्टर पिन हे मोल्डचे स्वतःचे भाग, त्यांना स्केल लागत नाही. स्केलचा केंद्रबिंदू ओरिजिन (फाईलचा शून्य बिंदू) ठेवा. सेंट्रॉइड (बॉडीचा भौमितिक मध्य) घेतला आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये एखादी रिब (बळकटीची पातळ पट्टी) वाढली, तर सेंट्रॉइड हलतो आणि त्याच्याबरोबर सगळी कॅव्हिटी सरकते.

एबीएस या प्लास्टिकचं श्रिंकेज साधारण ०.४ ते ०.७ टक्के, पॉलिप्रॉपिलीनचं १ ते २.५ टक्के. नेमका आकडा मटेरियलच्या ग्रेडच्या डेटाशीटमधून घ्या, आणि तो कोणत्या मापावर मोजलाय हेही विचारा. २ टक्के श्रिंकेज मोल्डच्या मापावर धरलेलं असेल तर ३०० मिमीच्या पार्टसाठी ३०० भागिले ०.९८, म्हणजे ३०६.१२ मिमी येतात, नुसतं १.०२ ने गुणलं तर ३०६. कडक टॉलरन्समध्ये (मापात चालणारा फरक) हा ०.१२ चा फरक सोडून देता येत नाही. ग्लास भरलेलं नायलॉन प्रवाहाच्या दिशेने कमी आणि आडवं जास्त आकसतं, तिथे एकच स्केल पुरत नाही.

ड्राफ्ट, म्हणजे पार्ट मोल्डमधून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला हलका उतार, मात्र मी पार्टच्या फाईलमध्येच ठेवते. तो तयार वस्तूवर दिसतो, फिटिंगवर परिणाम करतो, म्हणून पार्ट डिझायनरने तो पाहून मंजूर केलेला बरा.

टॉलरन्सचं तसं नाही. ड्रॉइंगवर ५० मिमी, अधिक ०.२ आणि उणे शून्य असेल, तर मोल्डसाठी ५०.१ धरून चालतात. हा बदल मोल्डच्या फाईलमध्ये, स्केलच्या आधी. नाजूक मापांना त्याहून सावध राहते: भोक घडवणारी पिन वरच्या मर्यादेजवळ, बाहेरचं माप देणारी कॅव्हिटी खालच्या मर्यादेजवळ. स्टील काढता येतं. चढवायचं म्हटलं की वेल्डिंग किंवा नवा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवायचा वेगळा तुकडा) आला.

पहिल्या ट्रायलनंतरच्या दुरुस्त्याही मोल्डच्याच फाईलमध्ये, प्रत्येकीच्या फीचरला ट्रायलचं नाव देऊन. आणि मशीनिंग सुरू झालं की पार्टशी असलेली लिंक लॉक करा. नाहीतर वर कुणीतरी एक फिलेट (गोल केलेली कड) बदलतो आणि कापून झालेल्या स्टीलचं मॉडेल कुणालाही न कळता बदलून बसतं.