उंट पारखताना मदारीच्या आधी तळवे पाहा

उंट विकत घेताना किंवा आजारी वाटला म्हणून तपासताना नजर आधी पाठीवरच्या मदारीवर, म्हणजे उंचवट्यावर जाते. मदारीत पाणी नसून चरबी असते. ती ताठ, घट्ट असेल तर गेले काही महिने जनावराला पोटभर मिळाले एवढेच कळते. आज तब्येत कशी आहे ते कळत नाही, म्हणून सुरुवात पायांपासून करा.

सपाट जागेवर वीस-तीस पावले चालवून बघा. उंट एका बाजूचे पुढचे आणि मागचे पाय जवळजवळ एकदमच उचलतो, त्यामुळे तो डुलत चालतो. हा दोष नव्हे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते.

मग त्याला बसवा. ओरडला तर फारसे मनावर घेऊ नका, बहुतेक उंट बसता-उठता ओरडतातच. प्रत्येक पायाला दोन बोटे आणि खाली एक रुंद, मऊ गादी असते. वाळूत हीच गादी पसरते आणि पाय रुतत नाही, पण खडकाळ वाटेवर ती लवकर झिजते. बोटांच्या फटीत काटे, खडे पाहा. गादी अंगठ्याने सगळीकडे दाबा. एखाद्या जागी उंट पाय झटकन ओढून घेत असेल किंवा तेवढाच भाग गरम लागत असेल, तर आत काटा किंवा पू असण्याची शक्यता धरा.

उठवल्यावर छातीखालची गादी तपासा. घाई करणारे हीच गादी विसरतात. बसल्यावर शरीराचा बराच भार तिच्यावर येतो, आणि तिच्यामुळेच पोट तापलेल्या जमिनीपासून वर राहून खालून हवा खेळते. कोपर, गुडघे आणि मागच्या मांड्यांजवळही असेच घट्टे असतात. ते जाड, कोरडे, बिनकेसाचे असणार. भेग, ओल किंवा दुर्गंधी मात्र चालत नाही. छातीची गादी चिघळली की उंट नीट बसत नाही, आणि तिच्यावर सतत भार येत असल्यामुळे जखम भरायला फार वेळ लागतो.

वय दातांवरून ठरते. खालचे मधले दोन कायमचे पटाशीचे दात साधारण 5 व्या वर्षी येतात, शेजारचे 6 व्या आणि कडेचे 7 व्या वर्षाच्या सुमारास. पुढे फक्त झिजेवरून अंदाज. तोंडाला फेस, तोंडातून बाहेर लोंबणारा मऊ टाळूचा फुगा आणि मानेवर डोक्यामागे काळसर, उग्र वासाचा स्राव दिसला तर नर माजावर आहे. तो चावतो, त्या दिवसांत दात पाहू नका.

ताप पहाटे मोजा. तहानलेल्या उंटाचे तापमान दिवसभरात 34 ते 40 अंश सेल्सिअसपर्यंत बदलू शकते, त्यामुळे दुपारच्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही.

औषधासाठी वजन हवे असेल तर तीन मापे मीटरमध्ये घ्या: खांद्याची उंची, छातीच्या गादीमागचा घेर आणि मदारीवरून पोटाचा घेर. तिन्हींचा गुणाकार करून 50 ने गुणा. 1.9, 2.0 आणि 2.4 आले, तर वजन सुमारे 456 किलो. गुरांचे औषध मात्र पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय उंटाला देऊ नका. डायमिनाझीन हे रक्तातल्या परजीवींवरचे औषध गुरांना सर्रास दिले जाते, पण उंटाला ते घातक ठरू शकते.