रेग्युलेटरच्या कमिटीवर एक्स्पर्ट म्हणून जाताय? या चुका टाळा

डॉक्टरांची नोंदणी बघणारी काउन्सिल असो नाहीतर औषधांना परवानगी देणारी संस्था, त्यांच्या कमिट्यांवर बसणारी बरीच माणसं पगारी नसतात, आपली ओपीडी, ऑपरेशनं, शिकवणं सांभाळून महिन्यातले एकदोन दिवस देतात आणि मिळालंच तर प्रवासखर्च आणि थोडंफार मानधन. पण काम किती मोठं असू शकतं बघा. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली, त्यानंतर ब्रिटनमध्ये 1963 साली सर डेरिक डनलप यांच्या अध्यक्षतेखाली औषधांच्या सुरक्षिततेसाठी कमिटी बसली, तिच्या हातात कायद्याचा दंडुका नव्हता, कंपन्यांनी आपणहून औषधं तिच्यापुढे आणायची असं समजुतीवर सगळं चालायचं, तरी तिच्याच काळात 1964 साली डॉक्टरांनी साइड इफेक्ट कळवायची यलो कार्ड पद्धत सुरू झाली, ती आजही चालू आहे. म्हणून कोणी विचारलं की "नाव देऊ का?", तर मी म्हणते द्याच.

मी स्वतः भूलतज्ज्ञ, काही वर्षं डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीवर होते. तिथे हुशार, प्रामाणिक माणसांना त्याच त्याच चुका करताना बघितलंय, त्यातल्या काही माझ्याही हातून झाल्यात. जवळपास सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते, काहीतरी आपल्या डोक्यात राहतं आणि टेबलावर येत नाही.

वेळेचा हिशोब न करता हो म्हणणं

हे पटकन सांगते. फॉर्म भरायच्या आधी ऑफिसला विचारा: टर्म किती वर्षांची, मीटिंग किती, प्रत्येक मीटिंगआधी किती पानं वाचायची, आणि सुनावण्या असतील तर सलग किती दिवस द्यावे लागतात. सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही उठून गेलात तर कोरम मोडतो, मग तक्रार करणारा पेशंट आणि ज्याचं लायसन्स टांगणीला लागलंय तो डॉक्टर, दोघंही पुन्हा कित्येक महिने ताटकळतात. वाचायला वेळ मिळाला नसेल तर आदल्या दिवशी तसं अध्यक्षांना कळवा. न वाचता बसून दुसऱ्यांच्या बोलण्यावर मान डोलावणं यापेक्षा गैरहजर राहिलेलं परवडलं.

"माझी ओळख असली तरी मी निष्पक्षच वागणार"

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो वाईट माणसांकडून नाही, चांगल्या माणसांकडून होतो. आपल्याला मनापासून वाटत असतं की त्या कंपनीकडून तीन वर्षांपूर्वी लेक्चरचे पैसे घेतले म्हणून मी काही विकले गेले नाही, किंवा तो डॉक्टर माझ्या बॅचचा असला तरी मी न्यायच करणार. असेलही खरं. पण प्रश्न तुमच्या मनाचा नाहीये, समोरच्या बाजूला हे नंतर कळलं तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न आहे.

1998 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या प्रकरणात दिलेला स्वतःचाच निकाल रद्द केला होता. कारण काय तर निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड हॉफमन हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांच्या संघटनेशी जोडलेल्या एका धर्मादाय संस्थेचे डायरेक्टर होते, अ‍ॅम्नेस्टी त्या खटल्यात एक पक्ष होती, आणि हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. ते पक्षपाती वागले असं कोणी म्हटलं नाही. तरी सगळी सुनावणी पुन्हा करावी लागली, नव्या न्यायाधीशांसमोर.

दुसरं उदाहरण आपल्या क्षेत्रातलं. रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स हे वेदनाशामक, हार्ट अटॅकच्या धोक्यामुळे 2004 मध्ये बाजारातून काढलं गेलं, आणि फेब्रुवारी 2005 मध्ये अमेरिकेतल्या एफडीए या औषधं मंजूर करणाऱ्या संस्थेच्या 32 जणांच्या सल्लागार पॅनेलने 17 विरुद्ध 15 मतांनी ते परत आणायला हरकत नाही असं मत दिलं. मग बाहेर आलं की त्यातल्या 10 जणांनी संबंधित कंपन्यांसाठी सल्लागार म्हणून काम केलेलं होतं. त्या 10 जणांची मतं बाजूला काढली तर आकडा 14 विरुद्ध 8 होतो, आणि तोही उलट्या बाजूने! आता त्या दहा जणांनी प्रामाणिकपणे मत दिलंही असेल, पण त्यानंतर त्या पॅनेलच्या मतावर कोण विश्वास ठेवणार.

म्हणून डिक्लेरेशनच्या फॉर्मवर हात आखडता घेऊ नका. शेअर्स, रिसर्चची ग्रँट, कॉन्फरन्सचं तिकीट, नवराबायकोची नोकरी, जुना विद्यार्थी, जुनं भांडण (हो, भांडणसुद्धा, ते लोक हमखास विसरतात), सगळं लिहा आणि बाजूला व्हायचं की नाही हे अध्यक्षांना ठरवू द्या. आणि फॉर्म वर्षातून एकदा भरला म्हणजे झालं असं नाही, प्रत्येक अजेंडा आला की आधी नावं वाचायची, मग मजकूर.

मीटिंग अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं तर? माझ्या बाबतीत झालंय. कागदांत पेशंटचं नाव झाकलेलं होतं, दुपारी एका वाक्यावरून कळलं की ही बाई माझ्या एका जवळच्या सहकाऱ्याची आई आहे. माझ्या मनात आलं की आता बोलले तर सगळ्यांचा दिवस वाया, जाऊ दे, मत सौम्य ठेवते आणि गप्प बसते. दहा मिनिटं खरंच गप्प बसले आणि ती दहा मिनिटं अजून आठवतात. मग हात वर केला, अध्यक्षांनी कामकाज थांबवलं, मी बाहेर गेले, मी कधी आणि काय सांगितलं ते मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदींत, लिहिलं गेलं आणि बाकीच्यांनी कोरम पुरेसा असल्यामुळे पुढे चालवलं. तर लक्षात आलं की त्या क्षणी बोला, ब्रेक होईपर्यंत थांबू नका, आणि बाहेर म्हणजे खरंच खोलीबाहेर जा, खुर्ची मागे सरकवून बसू नका.

शेवट माहीत असताना सुरुवातीला दोष देणं

ही चूक एक्स्पर्टचीच खास चूक आहे आणि ती बोचते, कारण आपल्या ज्ञानातूनच ती येते. फाईल उघडली की पहिल्या पानावर "पेशंटचा मृत्यू" असं लिहिलेलं असतं आणि तिथून पुढे प्रत्येक नोंद आपल्याला हलगर्जीपणाची दिसायला लागते.

1991 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, माझ्याच शाखेतला. 112 भूलतज्ज्ञांना 21 केसेस वाचायला दिल्या, ट्रीटमेंट अगदी तीच, फक्त काहींना सांगितलं की इजा तात्पुरती होती आणि काहींना सांगितलं की कायमची. तात्पुरतीच्या जागी कायमची लिहिल्यावर "ट्रीटमेंट योग्य होती" असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण 31 टक्के पॉइंट्सनी घसरलं. ट्रीटमेंटमध्ये काडीचा फरक नव्हता!

मी तेव्हापासून एक पद्धत ठेवली. ऑफिसला सांगून घटनाक्रम वेगळा मागवायचा, ज्या क्षणी डॉक्टरने निर्णय घेतला तिथपर्यंतच वाचायचं, फाईल बंद करायची आणि कागदावर लिहायचं की या माहितीवर, रात्रीच्या त्या वेळी, हाताशी एवढीच माणसं आणि एवढीच साधनं असताना कुठला कुठला निर्णय चालण्यासारखा होता, साधारण दोनतीन तरी निघतात. त्यानंतरच पुढचं वाचायचं. सगळं वाचून झालं असेल तर ही पद्धत अर्धीच लागू पडते, तरी करा, कारण निदान आपला राग कुठून येतोय ते दिसतं.

याला चिकटूनच दुसरी गोष्ट येते. "मी असं केलं नसतं" हे वाक्य कमिटीत फार ऐकू येतं आणि त्याला काही किंमत नाही. इंग्लंडमधल्या 1957 च्या बोलम खटल्यापासून अनेक देशांत प्रश्न असा विचारला जातो की त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांपैकी काहींना ही पद्धत मान्य होती का. तुम्ही मोठ्या सेंटरमध्ये काम करता, तुमच्याकडे चोवीस तास सीनियर असतो, मॉनिटर नवा असतो. समोरच्याकडे काय होतं आणि त्या वर्षी कुठली गाइडलाइन लागू होती ते बघा, आजची नाही.

आपल्या शाखेच्या बाहेर ठामपणे बोलणं

1999 साली इंग्लंडमध्ये दोन तान्ह्या बाळांच्या मृत्यूबद्दल आईवर खुनाचा खटला चालला. एका नामांकित बालरोगतज्ज्ञांनी कोर्टाला सांगितलं की अशा घरात दोन्ही बाळं झोपेत अचानक जाण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक. एका बाळाचा आकडा होता 8543 मध्ये एक, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं होतं, जणू एकाच घरातल्या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. 2001 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे सांगितलं की या हिशोबाला आधार नाही. आईची शिक्षा 2003 मध्ये रद्द झाली, आणि त्याचं मुख्य कारण तर आणखीनच अस्वस्थ करणारं होतं, पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरने बाळाचे काही लॅब रिपोर्ट पुढे आणलेच नव्हते.

हे कोर्टातलं झालं, पण कमिटीतही तुमच्या नावापुढची डिग्री ऐकून बाकीचे तुमच्या आकडेमोडीवरही विश्वास ठेवतात. सर्जन असाल तर सर्जरीबद्दल बोला, बायोस्टॅटिस्टिक्सचा प्रश्न आला की "हे माझ्या कक्षेबाहेरचं आहे, यासाठी दुसरं मत मागवूया" असं म्हणा आणि ते वाक्य मिनिट्समध्ये येऊ द्या.

घरी जाऊन स्वतःच शोध घेणं

डॉक्टरचं नाव सर्च केलं, हॉस्पिटलचे रिव्ह्यू वाचले, "एक मित्र आहे तिथे, त्याला सहज विचारलं". सवय चांगली आहे हो, आपण रोज असंच शिकतो, पण सुनावणीत ती घातक आहे कारण जे दोन्ही बाजूंनी बघितलेलं नाही त्याला त्या उत्तर देऊ शकत नाहीत. तुम्हाला एखादा पेपर माहिती असेल आणि तो महत्त्वाचा असेल तर तो सगळ्यांसमोर मांडा, दोन्ही बाजूंना वाचायला आणि त्यावर बोलायला वेळ द्या.

आधीच बघून बसला असाल तर लपवू नका. लीगल अ‍ॅडव्हायजरला सांगा काय बघितलं, कधी बघितलं. बरेचदा ते रेकॉर्डवर घेऊन पुढे जाता येतं, कधी तुम्हाला बाजूला व्हावं लागतं. तसंच फोनचं. "मॅडम, ती फाईल तुमच्याकडे आहे असं ऐकलं" असा फोन येतोच, कधी सीनियरचा येतो, कधी नात्यातल्या माणसाचा. "यावर मला बोलता येणार नाही" एवढं म्हणून फोन ठेवा आणि त्याच दिवशी ऑफिसला दोन ओळी लिहून कळवा. आणि मेंबर्सचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका, प्लीज, कितीही सोयीचा वाटला तरी.

मोठ्या माणसाचं बोलून झालं की गप्प बसणं

पहिला बोलणारा सीनियर असला की टेबलभर माना हलतात. एफडीएच्या सल्लागार कमिट्यांत पूर्वी एकापाठोपाठ एक मत द्यायचे, पुढच्यांवर आधीच्यांचा प्रभाव पडतो म्हणून 2008 च्या गाइडन्समध्ये सगळ्यांनी एकाच वेळी मत द्यावं असं सांगितलं, आणि मग प्रत्येकाने आपलं मत आणि कारण बोलून दाखवायचं. तुमच्या कमिटीत अशी सोय नसेल तर चर्चा सुरू व्हायच्या आधी आपलं मत कागदावर लिहून ठेवा. नंतर बदललं तर बदललं, पण कशामुळे बदललं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आणि डॉक्टर नसलेल्या मेंबर्सना समजावून सांगायच्या भरात गप्प करू नका. ब्रिटनच्या जनरल मेडिकल काउन्सिलमध्ये 2009 पासून निम्मे मेंबर डॉक्टर नसलेले आहेत, ते काही शोभेला नाहीत. एकदा आम्ही तिघं डॉक्टर दीड तास औषधाच्या डोसवर बोलत होतो आणि आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका मेंबरने विचारलं, "पण हे सगळं पेशंटला कोणी, कधी सांगितलं होतं का?" फाईलमध्ये त्याची एकही नोंद नव्हती. पूर्ण केस तिथेच फिरली.

सल्ला मानला नाही की फुरंगटणं

सल्लागार कमिटी सल्ला देते, निर्णय रेग्युलेटर घेतो, हे सही करतानाच माहीत असतं तरी प्रत्यक्षात झोंबतं. नोव्हेंबर 2020 मध्ये अल्झायमरवरच्या अ‍ॅड्युकानुमॅबबद्दल एफडीएच्या कमिटीला विचारलं की त्या औषधाच्या एका ट्रायलला परिणामकारकतेचा मुख्य पुरावा मानायचा का, 11 पैकी 10 जण नाही म्हणाले, एकाने नक्की सांगता येत नाही म्हटलं, हो कोणीच म्हटलं नाही. जून 2021 मध्ये औषधाला मंजुरी मिळाली. तीन मेंबर्सनी राजीनामे दिले आणि कारण उघडपणे सांगितलं. 2024 मध्ये कंपनीने ते औषध बंद करायचं जाहीर केलं.

त्यांची बाजू आज आपल्याला समजते कारण त्यांची मतं आणि कारणं मीटिंगमध्येच रेकॉर्डवर आली होती. म्हणून वेगळं मत असेल तर तिथेच, कारणासकट लिहून द्या, मिनिट्सचा ड्राफ्ट आला की आपलं वाक्य शोधून वाचा, पातळ केलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा. मिनिट्स मंजूर झाल्यावर "मी तर विरोध केला होता" म्हणून काही उपयोग नसतो. राजीनामा द्यायचा असेल तर तोही कारण लिहूनच द्या, मात्र फाईलमधला गोपनीय मजकूर बाहेर न काढता.

टर्म संपल्यावर कागद ऑफिसला परत करा, लॅपटॉपवरच्या आणि मेलमधल्या फाईल डिलीट करा, आणि पेशंटची नावं पुढेही कुठे काढायची नाहीत, लेक्चरमध्ये "एक केस सांगतो" म्हणूनसुद्धा नाही.