गच्चीवरचा लाकडी डेक: पॉलिश मारायच्या आधी एक फळी उचलून बघा

आमच्या मुलुंडच्या घराला छोटी ओपन टेरेस आहे, साधारण १५ बाय १० फुटांची, आणि तिच्यावर बारा वर्षं जुना लाकडी डेक, म्हणजे लादीच्या वर बसवलेली फळ्यांची जमीन, होता. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि कुंडीच्या शेजारची फळी खचून त्यांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. नशिबाने खरचटण्यावर निभावलं, पण तेव्हापासून हा विषय मी खूप मनावर घेतलाय. कारण त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका कॉन्ट्रॅक्टरने डेक बघून "काही नाही, एक हात पॉलिश मारू, नवा दिसेल" असं सांगितलं होतं आणि आम्ही ते मारूनही घेतलं होतं. वरून चकाचक, खालून भुगा. म्हणून ज्यांच्या टेरेसवर, बाल्कनीत किंवा बंगल्याच्या मागे असा जुना डेक आहे त्यांनी हे सगळं वाचा आणि मगच पैसे काढा.

पहिली गोष्ट म्हणजे डेक वरून कुजत नाही, खालून कुजतो. ऊन वरच्या बाजूला लागतं, ती सुकते, करडी पडते, बारीक चिरा जातात, दिसायला वाईट दिसतं पण लाकूड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. खालचे बत्ते मात्र, म्हणजे ज्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या असतात ते, चार महिने ओल्या लादीवर बसून असतात. मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवाही दमट, आणि लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी लाकूड खायला लागते. तिला खाली अंधार, ओल आणि वारा नाही असं सगळं आयतं मिळतं.

तर एक टोच्या नाहीतर जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि या जागा तपासा: कुंड्यांखाली, नहाणी ट्रॅपच्या (म्हणजे टेरेसचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीच्या) आजूबाजूला, एसीचं पाणी जिथे ठिबकतं तिथे, भिंतीला लागून असलेल्या कडा आणि प्रत्येक फळीचं टोक. टोक सगळ्यात महत्त्वाचं, कारण लाकूड टोकाकडून पाणी सगळ्यात जास्त पितं. टोच्या जोर लावूनही जेमतेम आत जात असेल तर लाकूड चांगलं. पाव इंच सहज रुतला, किंवा उचकटल्यावर लांब धसकट न निघता चौकोनी तुकडे पडले, तर ती फळी गेली. हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकूनही कळतं, चांगलं लाकूड टणटण वाजतं आणि कुजलेलं बदबद. पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर भुंगा आहे, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि वाळवी असेल तर आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, सुताराला नंतर.

आणि मग एक फळी उचलाच. आमचे सुतारकाका मूळचे देवगडचे, त्यांनी आल्याआल्या तेच केलं. चहा सुद्धा नको म्हणाले, "वहिनी, फळीचं नंतर बघू, आधी पाणी कुठे जातंय ते बघूया." तुळशीजवळची फळी पटाशीने उचकटली तर खाली काळा चिखल, पाच-सहा वर्षांची सुकलेली पानं, कबुतराची पिसं, आणि बत्ता असा की काकांनी बोटांनी दाबला आणि ओल्या केकसारखा चुरा होऊन हातात आला. खिळे गंजून सुईएवढे बारीक झालेले, त्यांच्या भोवती लाकूड काळंनिळं. नहाणीच्या जाळीवर पानांचा थर, त्यामुळे पाणी तिथेच साचलेलं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघरी कुंड्या-पिंप बघत फिरतात ते याचसाठी, पण डेकखाली कोण बघणार?

आता रिपेअर की नवीन, हा सगळ्यांचा प्रश्न. माझं मत सरळ आहे. बत्ते चांगले असतील आणि चार-पाच फळ्याच खराब असतील तर रिपेअर करा, आणि बत्तेच गेले असतील तर वरच्या फळ्या कितीही सुंदर असोत, सगळं उचलावं लागेल. पण उचललेल्या फळ्या टाकून देऊ नका! आमच्या जवळजवळ निम्म्या फळ्या सागवानी आणि आतून घट्ट होत्या, काकांनी टोकं तीन-तीन इंच कापली, उलट्या केल्या, रंधा मारला आणि खालून पिवळसर तपकिरी साग निघाला, वासासकट. बारा वर्षांनी तो वास आल्यावर बरं वाटलं.

एखाद-दुसऱ्या जागी बत्ता खराब असेल तर पूर्ण बत्ता काढायची गरज नसते. कुजलेला भाग कापायचा, पुढे चांगलं लाकूड लागेपर्यंत अजून अर्धा फूट कापायचा, आणि बाजूला त्याच मापाचा नवीन तुकडा दोन्हीकडे किमान दीड-दोन फूट चढवून बोल्ट करायचा. नुसतं एमसील किंवा लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून वर रंग मारणारे असतात, त्यांना तिथेच थांबवा, पायाखालच्या लाकडात भराव चालत नाही.

सगळं उचललंच असेल तर लगेच नवीन ठोकायला घाई करू नका, आधी खालची जमीन बघा. टेरेस फ्लॅटमध्ये ही गोष्ट लाकडापेक्षा मोठी आहे, कारण तुमच्या डेकखाली वॉटरप्रूफिंग आहे आणि त्याच्याखाली दुसऱ्याचा बेडरूम. कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, कुठे पोकळ वाजतो का, चायना मोझेकला (त्यावरच्या लादीच्या तुकड्यांना) चिरा आहेत का, ढाळ नहाणीकडे नीट आहे का ते बघा, साधारण १०० इंचाला १ इंच तरी उतार हवा. मग नहाणी बंद करून दोन-अडीच इंच पाणी भरून किमान २४ तास ठेवा, जमलं तर ४८, आणि खालच्या शेजाऱ्यांना सिलिंगवर लक्ष ठेवायला सांगा. आम्हाला एका कोपऱ्यात लीकेज सापडलं, ते तेव्हाच दुरुस्त झालं. डेक परत बसल्यावर सापडलं असतं तर पुन्हा सगळं उचकटावं लागलं असतं आणि खालच्या काकूंशी संबंध बिघडले असते ते वेगळंच. सोसायटीला आधी लेखी कळवा, कामाच्या वेळा आणि लिफ्टमधून माल नेण्याचे नियम विचारून घ्या. वरती छप्पर, शेड वगैरे या कामातच उरकून घेऊ असा विचार असेल तर तो परवानगीचा वेगळा विषय आहे, डेकच्या नावाखाली करू नका.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, बत्ते स्लॅबमध्ये ड्रिल करून रावळप्लग मारून बसवू देऊ नका. प्रत्येक भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोक. बत्त्यांची चौकट एकमेकांना जोडून तिच्या वजनावरच बसवायची आणि खाली रबराचे किंवा प्लास्टिकचे पॅड द्यायचे, म्हणजे लाकूड लादीला टेकत नाही आणि खालून वारा फिरतो. आणि बत्ते ढाळाच्या दिशेने टाका, आडवे नाही! आमच्या जुन्या डेकचे बत्ते ढाळाला आडवे होते, म्हणजे प्रत्येक बत्ता एक छोटा बांध झाला होता आणि पाणी त्याच्यामागे अडून बसायचं, कुजण्याचं खरं कारण ते होतं, तुळशीचं पाणी नव्हे, जे सगळे सासूबाईंना ऐकवत होते.

लाकूड कुठलं घ्यावं? माझी पसंती सागवान. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, ते पाणी आणि वाळवी दोन्हीला बऱ्यापैकी टक्कर देतं. पण गाभ्यात, हे लक्षात ठेवा, कडेचा पांढरट भाग कच्चा असतो आणि तो साध्या लाकडासारखाच कुजतो, त्यामुळे फळी घेताना पांढरे पट्टे असतील तर ती बाजूला काढा. रे रोडच्या लाकूड बाजारात स्वतः सुताराबरोबर जा, फोनवर ऑर्डर देऊ नका. जुन्या चाळी-वाड्यांतून निघालेला साग मिळाला तर उत्तम, तो पूर्ण सुकलेला असतो, फक्त आत राहिलेले खिळे नीट काढून घ्यावे लागतात. थर्मो वुड म्हणजे साधारण २०० डिग्रीला भाजलेलं पाइन किंवा अ‍ॅश, ते कमी फुगतं पण थोडं ठिसूळ असतं, टोकाजवळ स्क्रू मारताना चिरतं. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या पट्ट्या, त्यांना तेल लागत नाही, वाळवीचाही फारसा त्रास नाही, पण एप्रिलच्या दुपारी अनवाणी उभं राहता येत नाही इतक्या तापतात. ज्यांना वर्षाला एक दिवसही देता येणार नाही त्यांनी डब्ल्यूपीसी घ्यावं, बाकीच्यांनी लाकूडच.

हिशोब असा. ४ इंच रुंद, १ इंच जाड, १२ फूट लांब अशा तीन फळ्या म्हणजे १ घनफूट. आमच्या १५० चौरस फुटांना फळ्यांचे साडेबारा घनफूट, बत्ते २ बाय २ इंचाचे, १५-१५ इंचांवर १३ नग, ते साडेतीनच्या वर, आणि दहा टक्के कटिंगमध्ये जातं असं धरून १८ घनफूट. दुकानदार २५ सांगेल तर विचारा कशाला.

स्क्रू स्टेनलेसचेच. साधे लोखंडी स्वस्त पडतात पण सागवानातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून ते काळे डाग येतात आणि चार पावसात गंजून डोकी तुटतात. मुलुंड-ठाण्याकडे ३०४ ग्रेड पुरतो, वरळी-वांद्रे-वर्सोव्याला समुद्रासमोर असाल तर ३१६ घ्या, खाऱ्या हवेत तो जास्त टिकतो. नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतात, जाताना खिशात चुंबक ठेवा, कडक चिकटला तर तो ३०४ किंवा ३१६ नाही. १ इंचाच्या फळीला अडीच इंची स्क्रू, प्रत्येक बत्त्यावर दोन, आधी बारीक ड्रिलने भोक पाडून मगच. आम्हाला जवळजवळ ८०० लागले. टोकापासून एक इंच तरी आत मारा.

फळ्यांमधली फट हा लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ. एप्रिल-मेमध्ये सुकं लाकूड बसवत असाल तर दोन सूत, म्हणजे पाव इंच, फट ठेवा, जुलैत फळ्या फुगतात आणि फट नसेल तर एकमेकींना ढकलून मधे उचलल्या जातात, आमच्याकडे हॉलच्या दाराशी तसंच झालं होतं आणि दार उघडायचं बंद झालं होतं. काकांनी सगळीकडे एकाच जाडीचा पट्टीचा तुकडा मधे ठेवून फळ्या बसवल्या, त्यामुळे रेषा सरळ आली. कापलेल्या प्रत्येक टोकाला डेक ऑइलचे (त्याबद्दल पुढे सांगते) दोन-तीन हात बसवायच्या आधीच द्या, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. आणि नहाणीच्या वर दीड बाय दीड फुटाचं उचलता येणारं झाकण ठेवायलाच लावा, सुतार कंटाळा करतात, पण हट्ट धरा.

फिनिशला पीयू किंवा मेलामाइन ही पॉलिशं नकोत. ते वर पापुद्रा धरतात, उन्हात तडकतात, खाली पाणी शिरतं आणि पावसाळ्यानंतर सालं निघायला लागतात. बाहेरच्या लाकडासाठीचं डेक ऑइल वापरा, ते आत मुरतं. आधी ६० आणि मग ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, त्याहून बारीक घासलं तर तेल नीट शोषलं जात नाही. जुने काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना आणि मांजराला आत ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि दोन-तीन दिवस सुकू द्या. नुसतं अळशीचं तेल स्वस्त म्हणून लावू नका, आपल्या दमट हवेत त्याच्यावर बुरशी धरते. आणि तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका! सुकताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात, पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळी पसरून वाळवा आणि मगच टाका.

काम कधी काढायचं तर दिवाळीनंतर. ऑक्टोबरच्या उन्हात लादी आणि लाकूड दोन्ही सुकलेलं असतं आणि हातात सहा महिने असतात. मेमध्ये सुरू केलं आणि एक आठवडा लांबलं की वळवाच्या सरीत उघडी टेरेस सापडते.

आता आमच्या कुंड्या लोखंडी स्टँडवर आहेत, खाली चार बोटं मोकळी जागा. दर मेच्या शेवटच्या रविवारी झाकण उचलून हात घालून पानं काढायची, जाळी ब्रशने घासायची आणि बादलीभर पाणी ओतून किती वेळात जातं ते बघायचं. पावसाळा संपला की डेकवर पाण्याचे चार थेंब टाकायचे, थेंब गोल राहिले तर तेल शाबूत आहे, पसरून लाकूड गडद झालं तर त्या आठवड्यात तेलाचा एक हात. यंदा तुळशीजवळच थेंब पसरले, तेवढ्याच सहा फळ्यांना तेल लावलं, बाकी डेक तसाच ठेवला.