जुना शॉर्टवेव्ह रिसीव्हर घेतलाय? आधी पेचकस खाली ठेवा (या चुका टाळा)

"काका, सेट बहिरा आहे, स्टेशनं ऐकूच येत नाहीत."

दर दोन-तीन महिन्यांनी असा फोन येतोच. मागचा नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका पोराचा होता. यासू या जपानी कंपनीचा एफआरजी-७ रिसीव्हर त्याला कुठूनसा मिळाला होता, १९७० च्या दशकातला, अजून देखणा. मी विचारलं, "उघडला काय बे?" जरा थांबून उत्तर आलं, "थोडासाच."

थोडासाच म्हणजे आयएफटीच्या (सिग्नल गाळून मोठा करणाऱ्या, आधीच जुळवून ठेवलेल्या कॉइलच्या) सगळ्या डब्यांचे कोर, म्हणजे ती जुळवणी ठरवणारे आतले स्क्रूसारखे तुकडे, लोखंडी पेचकसाने फिरवून झाले होते. कुठला किती फिरवला, याची कुठेच नोंद नाही. एका डबीत फेराइटचा कोर तडकून अडकून बसला होता. चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायाशी ठेवून त्याने सेट माझ्याकडे आणला. समोरच्या 'प्रीसिलेक्ट' लिहिलेल्या बटणाबद्दल विचारलं, तर म्हणतो, "त्याला तर मी हातच नाही लावला."

दुखणं तिथेच होतं. ॲन्टेनाकडून येणारा सिग्नल हव्या त्या स्टेशनशी जुळवायचं काम त्याच बटणाचं. बहिरेपण डब्यांत नव्हतंच.

या सेटमागची युक्ती दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडलीची. रकाल या ब्रिटिश कंपनीचा आरए-१७ हा १९५० च्या दशकातला व्हॉल्व्हचा दणकट रिसीव्हर याच युक्तीवर, म्हणजे वॅडली लूपवर चालायचा. एका १ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या हार्मोनिक्सवर (त्याच्या २, ३, ४ अशा पटींवर) सगळा डोलारा उभा आणि मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर थोडा सरकला तरी ती चूक आतल्या आत वजा होते. संगणक नाही, डिस्प्ले नाही, तरी स्टेशन जागचं हलत नाही. मला आजही याचं नवल वाटतं. पण इथे प्रत्येक बटणाला स्वतंत्र काम आहे. ९५०० किलोहर्ट्झ ऐकायचं तर बँड स्विच ४ ते ११ वर, मेगाहर्ट्झची चकती ९ जवळ आणून लॉकचा दिवा विझेपर्यंत हळूहळू फिरवायची, मग किलोहर्ट्झची ५०० वर. शेवटी प्रीसिलेक्ट. ते मी डोळे मिटून फिरवतो. पत्र्यावर पाऊस वाढावा तशी खरखर एकदम वाढते, तिथे थांबायचं. एवढ्याला अर्धा मिनिट लागतो. आकडे दाबून स्टेशन लावायची सवय असलेल्यांना तो अर्धा मिनिट फार जड जातो, पण चार स्क्रू काढायला मात्र वेळ असतो.

त्या सेटपायी माझे दोन रविवार गेले. ४५५ किलोहर्ट्झचं सिग्नल सोडून एकेक डबी पुन्हा जागेवर आणली. कोर फिरवायला मी विणकामाची प्लास्टिकची सुई घासून चपटी केलेली वापरतो. तडकलेल्या कोरची डबी भंगारातल्या एका ट्रान्झिस्टरमधून काढून बसवली. माझा नियम साधा आहे: डबीला हात लावायच्या आधी मार्करने खूण, मोबाइलवर फोटो, आणि एक रात्र झोप. सकाळी उठल्यावर बहुतेक वेळा डबीला हात लावायची गरजच उरलेली नसते.

दुसरी चूक विजेची. जपानमधल्या घरांसाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० च्या आसपासचा, आणि आपल्या भिंतीत २३०. "पिन बसली म्हणून लावला" हे वाक्य मी धुराच्या वासासकट ऐकलेलं आहे. आधी मागची पाटी वाचा, ट्रान्सफॉर्मरची जोडणी बघा. मग पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे विजेच्या वाटेत जुना पिवळा तारेचा बल्ब मधे टाकून. लहान सेटला ४० वॅटचा, व्हॉल्व्हच्या मोठ्या सेटला १००. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला की हात मागे. वीस-तीस वर्षं कपाटात पडलेल्या सेटचे कंडेन्सर झोपेतून उठवायचे असतात, लाथ घालून नाही.

आयकॉमचा आर-७१ घेतला असेल तर आतली लिथियमची बॅटरी 'साफ करायला' काढू नका. सेट चालवणारा प्रोग्रॅमच त्या बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत असतो. बॅटरी गेली की सेट म्हणजे नुसती पेटी. बदलायचीच असेल तर मेमरीला दुसरीकडून तीन व्होल्ट देत राहून.

स्विचवर गंज काढायचा स्प्रे मारू नका. नाहीच.

ॲन्टेना म्हणून लांब तार लावली की ५८५ किलोहर्ट्झवरचं आपलं नागपूर केंद्र भलत्याच जागी डोकं काढतं. सेट खराब नाही, ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करायचा स्विच) वापरा.

आणि मे-जूनचं वावधन. कोरड्या धुळीच्या वाऱ्यात तारेवर चढणारा स्टॅटिक ॲन्टेनालगतचा पहिला ट्रान्झिस्टर, म्हणजे एफईटी, गुपचूप मारतो, वीज पडायलाच हवी असं नाही. माझ्या ॲन्टेनाची क्लिप ऐकणं झालं की खिडकीतल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जाते. बायको हसते, हसू दे.

गुरगुर येत असेल तर सेटला शिव्या देण्याआधी घरचा मेन स्विच पाडा. एफआरजी-७ आठ मोठ्या सेलवर चालतो. एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर सगळं गप्प झाल्यावर ३१ मीटर बँड (९५०० किलोहर्ट्झच्या आसपासचा) ऐका, मग बोलू. मे महिन्यात हे पहाटेच करा, कूलर बंद पडला की घरचे तुमचं काय करतील याची जबाबदारी माझी नाही.

त्या पोराचा परवा पुन्हा फोन आला. "काका, खाली मस्त वाजतो. पण ११ मेगाहर्ट्झच्या वर गेलो की बहिरा."

"बँड स्विच बदलला काय?"

बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणतो, "ठेवतो काका."